सचिन संस्थान, फातमा बेगम आणि हरवलेले ‘परिस्तान’

मुंबईहून सुरतेकडे निघालेली गाडी नवसारी आणि मरोली मागे टाकते, तेव्हा सचिनचे स्थानक येते. आज या गावाची ओळख औद्योगिक वसाहत, कापडाची रंगाई-छपाई आणि परप्रांतांतून आलेले कामगार अशी आहे. या कामगारांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. येथे एकेकाळी नऊ तोफांच्या सलामीचे संस्थान होते, हे जुन्या माणसांना ठाऊक असते. नव्यांना ते सांगावे लागते. परंतु भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचा कोणताही ग्रंथ उघडला तर त्यात सचिनचे नाव भेटते, ही गोष्ट मात्र जुन्यांपैकीही थोड्यांच्याच ध्यानात असते. ते नाव सहसा एकाच वाक्यात येते. फातमा बेगम या भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका होत. सचिनच्या नवाबांशी त्यांचा विवाह झाला होता, असे म्हणतात.

या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग एका कलावंताच्या कर्तृत्वाचा, दुसरा एका दंतकथेचा. गेल्या कित्येक वर्षांत जे लेखन झाले त्यात दुसऱ्या भागाला अधिक जागा मिळत गेली, आणि पहिला भाग ‘पहिली’ या एका विशेषणावर भागवला गेला. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आरंभ सचिनपासूनच केला पाहिजे. कारण या संस्थानाच्या जन्माची कथा पुणे आणि जंजिरा यांच्याशी, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाशी बांधलेली आहे.

जंजिऱ्याच्या मोबदल्यात सचिन

जंजिऱ्याचे सिद्दी हे मूळचे आफ्रिकी वंशाचे. प्रथम दक्षिणी सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या चाकरीत राहून त्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर आपली सत्ता रोवली. शिवछत्रपतींनी जंजिऱ्यावर वारंवार मोहिमा काढल्या, त्याच्या समोर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किल्ल्याला वेढा घातला. पहिल्या बाजीरावांच्या काळात १७३३ मध्ये पुन्हा स्वारी झाली. तरी किल्ला हाती आला नाही. सिद्द्यांचा सुरतेशी संबंधही याच काळातला. मोगलांच्या आरमाराचे प्रमुख म्हणून त्यांना सुरतेच्या महसुलातून तनखा मिळे, आणि त्यांची गलबते सुरतेच्या बंदरात असत.

१७८४ मध्ये सिद्दी अब्दुल रहीम वारला आणि गादीचा तंटा उपस्थित झाला. त्याचा मुलगा अब्दुल करीम, ज्याला बाळूमियाँ म्हणत, यास बाजूस सारून सिद्दी जौहरने किल्ला ताब्यात ठेवला. बाळूमियाँ पुण्यास पेशव्यांच्या आश्रयास आला. सवाई माधवरावांचा काळ होता आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. जंजिरा तलवारीने मिळत नाही, तर कागदाने मिळवावा, असा हा प्रसंग होता. ६ जून १७९१ च्या करारानुसार बाळूमियाँने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस दिला, आणि त्या बदल्यात सुरतेजवळ वार्षिक पंचाहत्तर हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख त्याला मिळाला. हेच सचिन संस्थान. गंमत अशी की, कागदावर मिळालेला जंजिरा पेशव्यांना प्रत्यक्षात कधीच मिळाला नाही; सिद्दी जौहर किल्ल्यातून हलला नाही. जंजिरा आणि सचिन या एकाच घराण्याच्या दोन शाखा १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत वेगवेगळ्या नांदल्या. सचिनचा मुलूख मुंबई प्रांतात गेला आणि १ मे १९६० रोजी गुजरातेत आला.

हा तपशील येथे देण्याचे कारण आहे. १७९१ चा करार आपण वाचू शकतो. कोणी काय दिले, काय घेतले, मुलुखाचे उत्पन्न किती, हे सारे आपणास ठाऊक आहे. हे संस्थान पन्नास चौरस मैलांहूनही लहान, गावे विखुरलेली, तरी त्याची प्रत्येक गोष्ट कोठेतरी टिपली गेली. राज्यांचे दप्तर असते. संस्थाने गेली तरी गॅझेटियर राहतात, वंशावळी राहतात, सलामीच्या तोफांची संख्या राहते. कलावंतांच्या बाबतीत असे काही होत नाही. आणि त्यातही मूकपटाच्या काळातल्या स्त्री-कलावंतांच्या बाबतीत तर नाहीच. पुढे जे सांगावयाचे आहे ते समजण्यासाठी हा फरक मनात ठेवावा लागतो.

नवाब आणि बेगम

सचिनचे नवाब सिद्दी इब्राहीम मुहम्मद याकूतखान तिसरे यांचा जन्म १८८६ चा. १८८७ मध्ये, तान्हेपणीच, ते गादीचे वारस झाले आणि १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत नवाब होते. फातमा बेगम यांचा जन्म १८९२ चा. त्यांनी उर्दू रंगभूमीवर काम सुरू केले. त्यांच्या तीन मुली सुलताना, झुबेदा आणि शहजादी या तिघीही पुढे पडद्यावर आल्या. झुबेदाचा जन्म १९११ मध्ये सुरतेस झाला. या मुली सचिनच्या नवाबांच्या, असे तेव्हापासून बोलले जात आले आणि झुबेदाच्या नावामागे ‘नवाबजादी’ हा शब्दही लागला.

आता पुराव्याचे पाहू. फातमा बेगम आणि नवाब यांच्या विवाहाचा करारनामा उपलब्ध नाही. नवाबांनी या मुलींना आपल्या म्हणून मान्यता दिल्याचीही नोंद नाही. मुस्लिम कायद्यात पितृत्व सिद्ध होण्यासाठी विवाह किंवा पित्याची कबुली यांपैकी काहीतरी लागते. येथे दोन्हींचा कागद नाही. म्हणून इतिहासकाराने ‘असे म्हणतात’ यापुढे जाऊ नये हे खरे. पण तेवढ्यावर ही गोष्ट खोटी ठरवण्याचाही अधिकार आपल्याला पोहोचत नाही. त्या काळी संस्थानिकांशी संबंध असलेल्या नाट्य-गायन क्षेत्रातील स्त्रियांपैकी कितीजणींना कागद मिळाला असेल? दप्तर ज्यांचे, त्यांनी जे लिहून ठेवावेसे वाटले तेच लिहिले.

अशा संबंधांत स्त्रीची स्थिती किती नाजूक असे, हे त्याच सुमारास मुंबईने पाहिले होते. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला आणि त्याच्या सोबत असलेली मुमताज बेगम जखमी झाली. ती इंदूरच्या दरबारातून निघून आलेली होती. या प्रकरणाने इतके वादळ उठले की तुकोजीराव होळकर तिसरे यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. बोलपट नव्हते, तरी सिनेमाने हा विषय लगेच उचलला. कोहिनूर कंपनीचा ‘कुलीन कांता’ हा होमी मास्टर यांचा मूकपट त्याच वर्षी, १९२५ मध्ये आला. एका दरबाराच्या कचाट्यातून सुटू पाहणाऱ्या स्त्रीची कहाणी मुंबईच्या थिएटरांत लोक तिकीट काढून पाहत होते, त्याच्या पुढच्याच वर्षी फातमा बेगम यांनी स्वतःच्या नावाची चित्रसंस्था काढली. या दोन घटनांचा परस्परसंबंध होता असे मी म्हणत नाही. पण ज्या समाजात दरबारी नाते हाच नटीचा परिचय मानला जात होता, त्या समाजात तिने पाटीवर आपलेच नाव लिहिले, ही गोष्ट साधी नाही.

पडद्यावर स्त्री येण्याचा प्रश्न

फातमा बेगम यांचे पाऊल किती मोठे होते हे कळण्यासाठी नऊ वर्षे मागे जावे लागेल. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, आणि अण्णा साळुंके यांना ती भूमिका करावी लागली, ही हकिकत मराठी वाचकाला नवी नाही. फाळक्यांचे गुजरातशी असलेले नाते मात्र कमी सांगितले जाते. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले आणि गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. तेथेच प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले. भारतीय चित्रपट ज्या छायाचित्रणाच्या पायावर उभा राहिला, त्या पायाचा एक दगड असा गुजरातेत आहे. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या. रंगभूमीवर मात्र बालगंधर्वांचे युग ऐन भरात होते. पुरुषाने स्त्री होणे ही तेव्हा मान्य कला होती. स्त्रीने स्त्री म्हणून लोकांपुढे येणे, ही बदनामी.

अशा काळात, १९२२ मध्ये, स्टार फिल्म कंपनीच्या ‘वीर अभिमन्यु’मध्ये फातमा बेगम पडद्यावर आल्या. मणिलाल जोशी दिग्दर्शक होते. कंपनी अर्देशीर इराणी आणि भोगीलाल दवे यांची. इराणी हे पुण्यात जन्मलेले; पुढे १९२६ मध्ये त्यांनी इम्पीरियल काढली. स्त्री-भूमिका स्त्रीनेच करावी हा आग्रह या चमूने धरला आणि तो यशस्वी झाला. फातमा बेगम तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. आजच्या हिशेबाने नायिकेसाठी हे वय उशिराचे. पण नाटकात मुरलेल्या या बाईंना चेहऱ्यावरचे भाव दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्याची सवय होती, आणि मूकपटाला नेमके तेच हवे होते.

पुढच्या चार वर्षांत त्यांनी कॅमेऱ्यासमोर काम केले. १९२६ मध्ये त्या कॅमेऱ्याच्या मागे गेल्या. ‘फातमा फिल्म्स’ ही संस्था त्यांनी स्थापन केली, जिचे नाव पुढे ‘व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स’ झाले, आणि तिच्यातर्फे ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा मूकपट दिग्दर्शित केला. त्यामागून ‘हीर रांझा’, ‘चंद्रावली’, ‘कनकतारा’, ‘मिलन दिनार’, ‘शकुंतला’, ‘नसीबनी देवी’ असे चित्रपट १९२९ पर्यंत आले. स्वतःची संस्था चालवत असतानाच कोहिनूर आणि इम्पीरियल यांच्या चित्रपटांतून त्या अभिनयही करीत राहिल्या. यावरून संस्थेचा डोलारा कशावर उभा असावा याचा अंदाज येतो. दुसऱ्याच्या चित्रपटातल्या मेहनतान्यावर स्वतःच्या चित्रपटाचा तोल सांभाळणे हा उद्योग नंतरच्याही अनेक निर्मात्यांनी केला आहे.

परीकथा आणि कॅमेरा

‘बुलबुल-ए-परिस्तान’ या नावातच त्याची जात कळते. हा अद्भुतरम्य चित्रपट होता, खर्चिक होता, आणि त्यात चमत्कृतिदृश्यांची रेलचेल होती. परीकथेची ही परंपरा लखनौच्या अमानतच्या ‘इंदरसभे’पासून पारशी-उर्दू रंगभूमीवर रुळलेली होती. आकाशातून उतरणारी परी, शापित राजपुत्र, क्षणात बदलणारे रूप हे सगळे रंगभूमीवर पडदे, दोऱ्या, फळ्या आणि दारू यांच्या साहाय्याने होत असे. कॅमेऱ्याने या अद्भुताला नवी साधने दिली.

ती साधने कशी चालत, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण दिग्दर्शन म्हणजे काय, हे त्यांवरून कळते. त्या वेळचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे. हात थांबवला, पात्राला चौकटीतून बाजूला केले, आणि हात पुन्हा सुरू केला की पडद्यावर माणूस नाहीसा होई. फिल्मचा अर्धा भाग झाकून एकदा चित्रण करावयाचे, फिल्म मागे घेऊन उरलेला अर्धा भाग उघडून दुसऱ्यांदा करावयाचे, की एकाच चौकटीत राक्षस प्रचंड आणि नायक मुठीएवढा दिसे. लहान प्रतिकृती जवळ ठेवून महाल उभा करता येई. हात हळू फिरवला की पडद्यावर माणसे धावू लागत. हे सर्व भर उन्हात, छतावर ताणलेल्या पांढऱ्या कापडातून प्रकाश गाळून करावयाचे. आज संगणकावर हे काम चित्रण संपल्यानंतर होते. तेव्हा ते चित्रणाच्या क्षणी, त्याच फिल्मवर, आधी मनात मोजून करावे लागे. दुसऱ्या वेळच्या चित्रणात नट बोटभर चुकला तर पहिल्या वेळची मेहनतही वाया. म्हणून असा चित्रपट काढणाऱ्यापाशी कल्पनाशक्तीइतकीच हिशेबाची शिस्त लागे. ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांत फाळक्यांनी ही विद्या दाखवली होती. आपल्या पहिल्याच दिग्दर्शनासाठी फातमा बेगम यांनी सोपा कौटुंबिक विषय न घेता सर्वांत अवघड प्रकार निवडला, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

येथे एक तुलना मनात येते. त्याच १९२६ साली जर्मनीत लोटे रायनिगर या स्त्रीने ‘राजपुत्र आहमेदची साहसे’ हा चित्रपट पुरा केला. काळ्या कागदाच्या कातरलेल्या आकृत्या एकेका चौकटीने हलवून, अरबी सुरस कथांवर रचलेला हा छायाचित्रपट आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत सर्वांत जुना मानला जातो. एक स्त्री बर्लिनकडे, दुसरी मुंबईत; दोघींचा विषय पौर्वात्य परीकथेचा, दोघींचे साधन कॅमेऱ्याची चमत्कृती. रायनिगरच्या चित्रपटाची मूळ जर्मन प्रत उरली नाही. पण लंडनच्या संग्रहात एक प्रत राहिली होती, आणि शतकाच्या अखेरीस तिच्यावरून चित्रपट पुन्हा उभा करता आला. त्यामुळे आज जगभरच्या विद्यार्थ्यांना रायनिगरची कात्री कशी चालली ते पाहता येते. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची एकही प्रत उरलेली नाही. त्यामुळे एकीवर प्रबंध लिहिले जातात आणि दुसरीच्या वाट्याला एक वाक्य येते, तेही नवाबांच्या नावासह. या फरकाचा दोघींच्या गुणवत्तेशी काहीही संबंध नाही.

मुलीचा आवाज

आईची कंपनी मूकपटाबरोबर मावळली. मुलगी मात्र बोलपटाच्या पहिल्या पानावर आली. झुबेदाने बाराव्या वर्षाच्या आसपास पडद्यावर पाऊल ठेवले होते. १९२७ च्या ‘बलिदान’मध्ये, जो रवींद्रनाथांच्या नाटकावर आधारलेला होता, तिने सुलोचनेसह काम केले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ झळकला, आणि त्याची नायिका झुबेदा होती.

मराठी वाचकाला या चित्रपटात आणखी एक ओळखीचे नाव सापडेल. नायक मास्टर विठ्ठल हे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. साहसपटांचे ते अनभिषिक्त राजे होते. सुरतेत जन्मलेली नायिका, कोल्हापुरात घडलेला नायक, पुण्यात जन्मलेला पारशी-इराणी दिग्दर्शक आणि पारशी रंगभूमीचे नाटककार जोसेफ डेव्हिड यांची कथा, असा हा मुंबईचा पहिला बोलपट. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत असल्याने गाड्यांचा आवाज टाळण्यासाठी चित्रण पुष्कळदा मध्यरात्रीनंतर करावे लागे, असे इराणी यांनी सांगितल्याचे नमूद आहे. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवावे लागत. अशा अडचणीत झुबेदाने गायिले. भारतीय चित्रपटगीताचा आरंभ ज्या मोजक्या कंठांतून झाला त्यांत सुरतेच्या या मुलीचा कंठ होता.

आईचा वारसा तिने आणखी एका बाबतीत चालवला. १९३४ मध्ये तिने दिग्दर्शक नानुभाई वकील यांच्यासह महालक्ष्मी मूव्हीटोन ही संस्था काढली. म्हणजे स्वतःच्या नावाने व्यवसाय करण्याची रीत या घरात एका पिढीपुरती नव्हती. पुढे झुबेदाचा विवाह हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात झाला आणि १९८८ मध्ये मुंबईत तिचे निधन झाले. फातमा बेगम १९३८ च्या ‘दुनिया क्या है’ नंतर पडद्यावरून दूर झाल्या, आणि १९८३ मध्ये वारल्या. हे साल नीट वाचावे. १९८३ पर्यंत भारतातील पहिली दिग्दर्शिका आपल्यात होती. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तोवर एकोणीस वर्षांचे झाले होते.

चांदीच्या भावाने

हे चित्रपट गेले कोठे? उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि बाजारातही. त्या काळची फिल्म नायट्रेटच्या पट्टीवर असे. ती अत्यंत ज्वालाग्राही. उष्णतेने आणि दमटपणाने ती आपोआप कुजते, चिकट होते, अखेर भुगा होते. मुंबई-सुरतेच्या हवेत तर हे फार लवकर होते. शिवाय चित्र ज्या लेपात उमटते त्यात चांदी असते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजार उरला नाही, आणि जुनी रिळे धुऊन चांदी काढणे हा धंदा झाला. आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले पुरे, अपुरे, तुकडे असे सर्व मिळून तीसच्या आसपास उरले आहेत.

‘आलम आरा’चेही तेच झाले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी घडवले ते पी. के. नायर इराणींकडे गेले, तेव्हा काही रिळे कोठेतरी असावीत असे वृद्ध इराणींनी त्यांना सांगितले. त्यांच्या मुलाने मात्र नंतर नायरांना बाजूला घेऊन कबूल केले की, ती रिळे चांदीसाठी आपणच काढून टाकली. ही हकिकत नायर यांनीच सांगून ठेवली आहे. २०२२ मध्ये ‘आलम आरा’च्या प्रती ज्यावर छापल्या असे मानले जाते ते यंत्र मुंबईतील एका दुकानात असल्याचे प्रसिद्ध झाले. यंत्र राहिले, त्यातून निघालेला चित्रपट राहिला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटवरची आणखी रिळे जळाली.

मग फाळके कसे उरले? ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रीळ आज आहे. ती १९१३ ची की नंतरच्या आवृत्तीची, याबद्दल मतभेद आहेत, तरी काहीतरी आहे. ‘कालिया मर्दन’ तर बराचसा आहे, आणि त्यात फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्णाच्या वेशात हसताना आजही दिसते. याचे कारण इतकेच की, फाळक्यांच्या कुटुंबीयांनी काही डबे ठेवले होते आणि नायर नाशिकला जाऊन ते घेऊन आले. जतन होण्यासाठी दोन माणसे लागतात: एक फेकून न देणारे, दुसरे शोधत येणारे. फातमा बेगम यांच्या चित्रपटांना ही दोन माणसे मिळाली नाहीत.

उरलेल्या कागदाचे काय

चित्रपट नाहीत, म्हणून इतिहास लिहिता येत नाही असे मात्र नाही. १९१८ च्या कायद्यानुसार १९२० पासून मुंबईत सेन्सॉर मंडळ काम करू लागले. चित्रपटाचे नाव, संस्था आणि फूट-लांबी यांच्या नोंदी त्यामुळे झाल्या. वृत्तपत्रांतल्या जाहिराती, थिएटरांची हस्तपत्रके, भित्तिपत्रके, स्थिरचित्रे हे दुसरे साधन. अशा साधनांतून वीरचंद धरमशी यांनी भारतीय मूकपटांची सूची चिकाटीने तयार केली आणि ती सुरेश छाब्रिया यांनी १९९४ मध्ये संपादित केलेल्या मूकपटांवरील ग्रंथात आली. फातमा बेगम यांच्या चित्रपटांची नावे आणि वर्षे आज आपण सांगू शकतो ती अशा कष्टांमुळे. चित्रपट पाहिला नसताही त्याच्या जाहिरातीतून कंपनी कशाचा अभिमान मिरवत होती ते कळते. लांबीवरून खर्चाचा अदमास येतो. कोणत्या थिएटरात किती आठवडे चालला यावरून प्रेक्षक कळतो. हा इतिहास कोरडा वाटेल. पण तो तिच्या कामाचा इतिहास असेल.

येथेच आपल्या सवयीचा दोष दिसून येतो. पुरावा दोन्हीकडे तोकडा आहे. विवाहाला कागद नाही, चित्रपटाला रीळ नाही. तरीही विवाहाची कथा आपण रंगवून सांगतो आणि चित्रपटांपुढे ‘आता उपलब्ध नाही’ एवढे लिहून पुढे जातो. वास्तविक चित्रपट निघाले याची नोंद आहे, संस्थेची नोंद आहे, भूमिकांची नोंद आहे. नवाबांच्या बाबतीत यांतले काहीच नाही. कसोटी एकच लावली तर फातमा बेगम यांचा दिग्दर्शिका हा परिचय भक्कम ठरतो आणि बेगम हा परिचय ऐकीव. तरी लेखांची शीर्षके उलट्या क्रमाने लिहिली जातात.

‘पहिली’ या विशेषणाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. पहिलेपणाचा मान दिला की आपण एक कर्तव्य पुरे केल्यासारखे मोकळे होतो. पण कलावंताचा मान त्याच्या कृतीत असतो. फ्रान्सच्या आलिस गी हिने १८९६ पासूनच चित्रपट दिग्दर्शित केले. तिचेही नाव इतिहासातून दीर्घकाळ पुसले गेले होते आणि तिची रिळे सापडू लागली तसे ते परतले. नुसत्या विशेषणाने ते परतले नसते. फातमा बेगम यांचे एखादे रीळ उद्या कोठे सापडेल अशी आशा धरणे आता कठीण आहे. नायट्रेट इतकी वर्षे वाट पाहत नाही. परंतु कागद वाट पाहतो. सुरतेच्या जुन्या घरांतील माळ्यांवर गुजराती साप्ताहिकांचे गठ्ठे असतात. नाटक मंडळ्यांची पत्रके, थिएटरांचे हिशेब, छायाचित्रकारांच्या दुकानांतल्या काचा असतात. घरे पाडून नवी बांधताना हे सर्व रद्दीच्या भावाने जाते, जशी रिळे चांदीच्या भावाने गेली. ते विकण्याआधी एकदा उलगडून पाहणे, आणि सिनेमाशी संबंधित काही दिसले तर पुण्याच्या संग्रहालयाला, जे २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाले आहे, कळवणे, एवढे तरी कोणालाही करता येईल.

सचिनच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसांसाठी याला आणखी एक अर्थ आहे. हे संस्थान पुण्याच्या एका करारातून जन्मले आणि मराठी दप्तरांनी त्याची आठवण राखली. त्याच संस्थानाचे नाव जिच्यामुळे चित्रपटाच्या इतिहासात गेले, तिच्या कामाची आठवण राखण्यास कोणतेही दप्तर नव्हते. यापुढे सचिनचा इतिहास लिहिताना नवाबांच्या वंशावळीखाली फातमा बेगम यांचे नाव शोधण्यापेक्षा, १९२६ या सालासमोर ‘फातमा फिल्म्स, बुलबुल-ए-परिस्तान’ अशी स्वतंत्र नोंद करावी. ती नोंद निश्चित आहे.